आधी खडक, मग आकडे

देशाचे सर्वांत मोठे तेलक्षेत्र असलेल्या मुंबई हायचे उत्पादन पुन्हा वाढविण्यासाठी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. क्षेत्राची मालकी महामंडळाकडेच राहील, साठ्याची तपासणी करून विहिरी आणि यंत्रणा कशा सुधारता येतील हे बाहेरची कंपनी सांगेल आणि दहा वर्षांत तेल व वायू मिळून उत्पादन पायाभूत पातळीपेक्षा साठ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असे त्या वेळी जाहीर झाले. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत साहजिकच साठ टक्क्यांचा आकडा झळकला. गरजेच्या सुमारे ८८ टक्के खनिज तेल परदेशांतून आणणाऱ्या देशाला असा आकडा सुखावणारा वाटला, तर त्यात नवल नाही. परंतु या सर्व घोषणेत ज्या एका गोष्टीची चर्चा सर्वांत आधी व्हायला हवी होती, तिची चर्चा जवळजवळ झालीच नाही. ती गोष्ट म्हणजे समुद्रतळाखालचा तो खडक. पन्नास वर्षे तेल दिल्यानंतर तो आज कोणत्या अवस्थेत आहे, त्याच्याविषयीची आपली समजूत कितपत खरी ठरली आणि ती कुठे चुकली, याचा हिशेब मांडल्यावाचून टक्केवारी सांगणे म्हणजे पाया घालण्यापूर्वी कळस चढविणे होय, असे आम्हाला वाटते.

या क्षेत्राचा इतिहास थोडक्यात आठवावा लागेल, कारण आजच्या प्रश्नाचे मूळ त्या इतिहासातच आहे. खंबायतच्या आखातात आणि पुढे मुंबईसमोरच्या समुद्रात साठच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या साह्याने भूकंपीय सर्वेक्षण झाले. पाण्यातून ध्वनिलहरी खाली सोडायच्या आणि खडकांच्या थरांवरून परत येणारे प्रतिध्वनी टिपून थरांची रचना ओळखायची, असे या सर्वेक्षणाचे तंत्र. त्यातून मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली एक विशाल उंचवटा असल्याचे ध्यानात आले. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले, तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले आणि आपल्या परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली. अशा वेळी जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या नौकेने या उंचवट्यावर पहिली विहीर खणली आणि १९ फेब्रुवारी १९७४ रोजी तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादनही सुरू झाले. सुमारे पाऊणशे मीटर खोल पाण्यात, अरबी समुद्राच्या पावसाळी थैमानाला तोंड देत, समुद्रातील कामाचा फारसा अनुभव पाठीशी नसताना आपल्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी सव्वादोन वर्षांत हे करून दाखविले. त्या पिढीचे ऋण मान्य केल्याखेरीज या विषयावर टीकेचा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही.

त्यानंतरच्या दहा वर्षांत मुंबई हायने देशाचे चित्रच पालटून टाकले. १९८४-८५ च्या सुमारास देशाच्या गरजेपैकी जवळजवळ सत्तर टक्के तेल देशातच निघू लागले होते. १९८५ मध्ये एकट्या मुंबई हायमधून दिवसाला चार लाख बॅरलहून अधिक तेल निघत होते. आज त्याच क्षेत्राचे उत्पादन त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही खाली आले आहे. एप्रिल २०२४ मध्ये ते दिवसाला सुमारे १,३४,००० बॅरल होते. म्हातारे झालेले क्षेत्र कमी तेल देणारच, हा निसर्गाचा नियम आहे आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. तथापि घसरण केव्हा सुरू झाली, कशी झाली आणि तिच्यातील किती भाग अटळ होता, हे विचारणे मात्र आवश्यक आहे.

त्यासाठी हा खडक कसा आहे, हे आधी पाहू. जमिनीखाली तेलाचे तळे असते आणि त्यात नळी घालून तेल उपसायचे असते, अशी एक समजूत सुशिक्षितांतही आढळते. वस्तुतः तेल खडकाच्या बारीक छिद्रांत, स्पंजात पाणी मुरावे तसे मुरलेले असते. मुंबई हायच्या तळाशी अतिप्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्मांचा आणि ज्या लाव्हारसाने सह्याद्री घडला त्याच दख्खनच्या काळ्या पाषाणाचा पाया आहे. त्या उंचवट्यावर सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्र होता. त्यातील जीवांच्या कवचांचा आणि चुन्याचा गाळ थरावर थर साचून चुनखडक बनला. या क्षेत्रातील बहुतेक तेल ज्या थरसमूहात आहे, त्याला भूवैज्ञानिक ‘एल-तीन’ या नावाने ओळखतात. आजूबाजूच्या खोलगट भागांतील जुन्या चिखलखडकांत तयार झालेले तेल वर सरकत येऊन या चुनखडकात अडकले आणि वरच्या अभेद्य थरांनी त्याला झाकून ठेवले.

इथपर्यंत सारे सोपे आहे. परंतु हा चुनखडक एकजिनसी नाही. त्या उथळ समुद्राची पातळी अनेक वेळा खाली गेली. खडक उघडा पडला, त्यावर पावसाचे पाणी पडले, चुना विरघळून कुठे पोकळ्या झाल्या, तर कुठे तोच चुना पुन्हा साकळून छिद्रे बुजली. समुद्र परत आला तेव्हा मध्ये चिखलाचे पातळ पदर बसले आणि त्यांचा ‘शेल’ नावाचा अभेद्य खडक झाला. परिणामी या साठ्याला एका स्पंजाची उपमा लागू पडत नाही. एकमेकांवर रचलेल्या, निरनिराळ्या जातींच्या अनेक स्पंजांची ती चवड आहे, आणि त्यांच्या मध्ये मधूनमधून मेणकापड घातलेले आहे. शिवाय शेलने भरलेला एक जुना प्रवाहमार्ग या क्षेत्राचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पाडतो, ते वेगळेच. आमच्या गोमंतकीय वाचकांना हे समजायला कठीण जाऊ नये. जांभ्या दगडाच्या एकाच वाड्यावर दोन विहिरी खोदल्या, तर एकीला वैशाखातही पाणी असते आणि हाकेच्या अंतरावरची दुसरी होळीलाच कोरडी पडते. दगड तोच, पाऊस तोच, पण आतल्या वाटा वेगळ्या. समुद्रतळाखाली हजार-दीड हजार मीटर खोलीवरचा खडक याहून सरळ वागेल, अशी अपेक्षा का करावी?

सुरुवातीच्या काळात या आतल्या वाटांचे ज्ञान अपुरे होते, आणि ते अपुरे असणे स्वाभाविकही होते. एकमेकींपासून दूर असलेल्या सर्वेक्षणाच्या रेषा आणि मोजक्या विहिरी यांवरून शेकडो चौरस किलोमीटरच्या खडकाचे चित्र रेखाटावे लागत होते. चित्र जसे रेखाटले तसे प्लॅटफॉर्म उभे राहिले, विहिरी खोदल्या गेल्या आणि उत्पादनाची उद्दिष्टे ठरली. पुढे विहिरींची संख्या वाढली, तसतसे खडकाने आपले खरे रूप दाखवायला सुरुवात केली. तेल उपसले की साठ्यातील दाब उतरतो. दाब उतरला की तेलात विरघळलेला वायू सुटा होतो, वरच्या भागातील वायूची टोपी पसरते आणि विहिरीत तेलाऐवजी वायू शिरू लागतो. वायू निघून गेला की मागे राहिलेले तेल घट्ट होते, जागचे हलत नाही. हे टाळण्यासाठी साठ्यात बाहेरून पाणी भरून दाब टिकवावा लागतो. मुंबई हायमध्ये पाणी भरण्याचे काम ऐंशीच्या दशकात, उत्पादन जोमाने सुरू झाल्याच्या बऱ्याच वर्षांनंतर हाती घेतले गेले. भरलेले पाणीही सर्व थरांत सारखे गेले नाही. ज्या थरांत वाटा मोकळ्या होत्या त्यांतून ते धावत सुटले आणि तेल मागे ठेवून थेट उत्पादन विहिरींत अवतरले. घट्ट थरांतील तेल होते तिथेच राहिले.

या गोष्टी तंत्रज्ञांना कळत नव्हत्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तो काळच असा होता की, दिल्लीला दरवर्षी अधिक आकडा हवा होता. १९७९ मध्ये दुसरा तेलधक्का बसला होता, परकीय चलनाची चणचण होती आणि मुंबई हाय ही घरची दुभती गाय होती. चारा-पाण्याची व्यवस्था पुरी होण्याआधी दूध वाढविण्याचा हट्ट धरला की काय होते, हे कोणताही गवळी सांगेल. देशाचे खनिज तेलाचे उत्पादन १९८९-९० मध्ये सुमारे ३.४ कोटी टनांवर पोहोचले आणि तीनच वर्षांत, १९९२-९३ मध्ये, ते सुमारे २.७ कोटी टनांपर्यंत घसरले. या घसरणीला एकच कारण नव्हते. दुरुस्तीवाचून बंद राहिलेल्या विहिरी, साधनसामग्रीची आणि पैशाची टंचाई, अन्य क्षेत्रांतील अडचणी हे सारे तिच्या मुळाशी होते. तथापि मुंबई हायच्या साठ्यावर पडलेला ताण हे त्यातील एक प्रमुख कारण होते, हे पुढे सर्वमान्य झाले. तेल व वायू यांच्या साठ्यांची जोपासना शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून १९९३ मध्ये हायड्रोकार्बन महासंचालनालय स्थापन करण्यात आले, ते याच पार्श्वभूमीवर. तहान लागल्यावर विहीर खोदण्याची आपली रीत येथेही सुटली नाही.

याच कहाणीचा दुसरा भाग मात्र आशादायक आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. या शतकाच्या आरंभी महामंडळाने मुंबई हायच्या उत्तर आणि दक्षिण भागांच्या पुनर्विकासाची योजना हाती घेतली. तिचा गाभा नव्या यंत्रांत नव्हता, जुन्या खडकाच्या नव्या अभ्यासात होता. शेकडो विहिरींची साठलेली माहिती एकत्र करण्यात आली, त्रिमितीय सर्वेक्षणांचे अर्थ पुन्हा लावण्यात आले आणि एल-तीन हा एक थर न मानता त्याचे अनेक उपथर वेगवेगळे मोजण्यात आले. कोणत्या उपथरात तेल मागे राहिले आहे, हे कळू लागल्यावर नेमक्या त्याच थरात आडव्या विहिरी नेता आल्या आणि जुन्या विहिरींना बाजूच्या फांद्या फोडता आल्या. एकेकाळी ज्याला केवळ पाया समजून सोडून दिले होते, त्या तळाच्या प्राचीन पाषाणातील भेगांतही तेल सापडले. उत्पादन पूर्वीच्या शिखरावर परतले नाही, परतणे शक्यही नव्हते, पण घसरणीचा वेग रोखला गेला. खडक तोच होता, पण आपले त्याच्याविषयीचे ज्ञान बदलले आणि त्या बदलाची किंमत कोट्यवधी टनांत मोजता आली. फेरमूल्यांकन हे कागदी काम नसून प्रत्यक्ष संपत्ती निर्माण करणारे काम आहे, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

परदेशांतील अनुभवही हेच सांगतो. नॉर्वेच्या समुद्रातील इकोफिस्क हे क्षेत्र १९६९ मध्ये सापडले. तेथील खडक खडूचा, मऊ. त्यातून सतरा-अठरा टक्के तेल निघाले तरी पुष्कळ झाले, असा प्रारंभीचा अंदाज होता. १९८४ मध्ये असे लक्षात आले की, तेल काढल्यामुळे खडू दबतो आहे आणि समुद्रतळ प्लॅटफॉर्मसकट खचतो आहे. नॉर्वेने हे झाकून ठेवले नाही. १९८७ मध्ये प्लॅटफॉर्म जॅकने उचलून त्यांचे पाय सहा मीटरने वाढविण्यात आले, मोठ्या प्रमाणावर पाणी भरणे सुरू झाले आणि खडकाचा अभ्यास आजवर अखंड चालू राहिला. आज तेच क्षेत्र मूळ साठ्याच्या निम्मे तेल देण्याच्या वाटेवर आहे. ब्रिटनचे फोर्टिस हे क्षेत्र बीपी कंपनीने १९७० मध्ये शोधले आणि २००३ मध्ये ते अपाचे या अमेरिकी कंपनीला विकले. नव्या मालकाने नवे सर्वेक्षण केले, तेव्हा मागे राहून गेलेल्या तेलाचे कप्पे दिसू लागले आणि क्षेत्राचे आयुष्य वाढले. आज मुंबई हायला सल्ला देण्यास येणाऱ्या कंपनीलाही हा धडा चांगलाच ठाऊक असणार.

पण फेरमूल्यांकनाला एक काळी बाजूही आहे. जानेवारी २००४ मध्ये शेल या बलाढ्य कंपनीला आपले सिद्ध साठे वीस टक्क्यांनी फुगवून सांगितले गेले होते, हे कबूल करावे लागले आणि दोनच महिन्यांत तिच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. जमिनीखालचे तेल कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसते. त्याचा अंदाज बांधताना प्रत्येक टप्प्यावर थोडा आशावाद मिसळला, तर शेवटी कागदावर नवे तेलक्षेत्रच उभे राहते. म्हणून जो उत्पादन वाढविणार, त्यानेच साठा मोजायचा आणि त्यानेच यशाची पावती फाडायची, अशी व्यवस्था कितीही सज्जन माणसांच्या हाती असली तरी निर्धोक नसते.

आता मुंबई हायच्या प्रस्तुत योजनेकडे वळू. साठ टक्के वाढ याचा अर्थ आजच्या उत्पादनात साठ टक्के वाढ असा बहुतेकांनी घेतला. तो बरोबर नाही. ‘पायाभूत पातळी’ म्हणजे काही विशेष केले नाही तर पुढील दहा वर्षांत उत्पादन कसे उतरत जाईल, त्याचा अंदाज. ही रेषा स्वतःच खाली जाणारी आहे. तिच्यापेक्षा साठ टक्के वर, याचा अर्थ आजच्यापेक्षा साठ टक्के वर असा होत नाही. शिवाय ‘साठ टक्क्यांपर्यंत’ यातील ‘पर्यंत’ हा शब्द मथळ्यांत गळून पडला. आणखी महत्त्वाची बाब अशी की, सेवा पुरविणाऱ्या कंपनीला पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क आणि नंतर वाढीव उत्पादनाच्या महसुलातील वाटा अशी मोबदल्याची पद्धत ठरविण्यात आली आहे. म्हणजे वाढ किती झाली हे खालच्या रेषेवर अवलंबून राहणार. ती रेषा जरा अधिक खाली काढली, तर न झालेली वाढही झालेली दिसेल. जरा वर काढली, तर खऱ्या कष्टांचे चीज होणार नाही. आणि ती रेषा ठरते कशावरून? खडकाच्या अभ्यासावरून. फिरून आपण पुन्हा त्याच ठिकाणी येतो.

मुदतीचाही प्रश्न आहे. करार दहा वर्षांचा आहे, खडकाचे आयुष्य त्याहून मोठे आहे. दहा वर्षांत अधिकाधिक तेल काढणे आणि शेवटपर्यंत अधिकाधिक तेल काढणे, ही दोन उद्दिष्टे नेहमी एकच असतात असे नाही. आजवर मुंबई हायमधून पन्नास कोटी टनांहून अधिक तेल निघाले आहे आणि महामंडळाच्या हिशेबाप्रमाणे काढण्याजोगे सुमारे आठ कोटी टन तेल आणि चाळीस अब्ज घनमीटरांहून अधिक वायू अद्याप शिल्लक आहे. परंतु या दोन्ही आकड्यांपलीकडे, आजच्या तंत्राने काढता येणार नाही म्हणून ज्याची गणनाच झालेली नाही, असे पुष्कळ तेल त्या खडकाच्या घट्ट थरांत पडून आहे. निघालेले आणि निघू शकणारे तेल मिळून मूळ साठ्याचा साधारण तिसरा हिस्साच होतो. उरलेल्यांतील एकेक टक्का वाचविणे म्हणजे एखादे नवे मध्यम आकाराचे क्षेत्र सापडण्यासारखे आहे. उलट घाईने पाणी किंवा वायू चुकीच्या थरात शिरू दिला, तर तो टक्का कायमचा गमावला जातो. पुढची पिढी अधिक प्रगत तंत्र घेऊन येईल, पण बिघडलेला साठा पूर्ववत करणारे तंत्र तिच्याजवळही असणार नाही.

म्हणून आमच्या काही अपेक्षा आहेत. पहिली ही की, खडकाच्या फेरमूल्यांकनाचे निष्कर्ष आणि उत्पादनाची पायाभूत रेषा यांची तपासणी करार करणाऱ्या दोन्ही पक्षांहून वेगळ्या, स्वतंत्र तज्ज्ञांकडून व्हावी. हायड्रोकार्बन महासंचालनालय हे काम करू शकते, पण ते ज्या मंत्रालयाच्या छत्राखाली आहे, त्याच मंत्रालयाला उत्पादनवाढीची घाई असते, हे विसरून चालणार नाही. दुसरी अपेक्षा, दरवर्षी केवळ किती तेल निघाले एवढेच न सांगता साठ्याचा दाब किती राहिला, तेलाबरोबर किती पाणी आणि वायू आला आणि मूळ साठ्यापैकी अखेर किती टक्के हाती लागेल असा अंदाज आहे, हेही संसदेपुढे यावे. समुद्रातील तेल हे जनतेच्या मालकीचे धन आहे. त्याचा ताळेबंद जनतेला समजेल अशा भाषेत मिळणे हा उपकार नव्हे. तिसरी अपेक्षा, या अभ्यासातून निर्माण होणारे ज्ञान आपल्याच देशात आणि आपल्याच माणसांत राहावे. एकदा सोव्हिएत तज्ज्ञ आले, एकदा अन्य देशांचे सल्लागार आले, आज बीपी आली. शिकण्यात कमीपणा नाही, परंतु पन्नास वर्षांनंतरही आपल्या खडकाचा अर्थ लावण्यासाठी दर वेळी दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज पडत असेल, तर आपल्या विद्यापीठांनी आणि महामंडळाच्या संशोधन संस्थांनी आत्मपरीक्षण करायला हवे.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. म्हातारा केवळ खडकच झालेला नाही, त्यावर उभे असलेले लोखंडही म्हातारे झाले आहे. २७ जुलै २००५ रोजी एक सहायक जहाज मुंबई हाय उत्तरच्या प्लॅटफॉर्मवर आदळले, वायूच्या नळ्या फुटल्या आणि काही तासांत तो अवाढव्य प्लॅटफॉर्म आगीत भस्मसात होऊन समुद्रात कोसळला. त्या दिवशी बावीस जण मृत्युमुखी पडले. अभ्यासातून नव्या विहिरी खोदाव्या असे ठरले, तर त्या कोणत्या सांगाड्यांवरून खोदणार, ते सांगाडे आणखी वीस वर्षांचा भार पेलतील काय आणि काम संपल्यावर ते हलविण्याचा खर्च कोण उचलणार, हे प्रश्न तेलाच्या प्रश्नाइतकेच निकडीचे आहेत. कोकणच्या मच्छीमारालाही या उत्तरांची गरज आहे, कारण तोही त्याच समुद्रात जाळे टाकतो.

मुंबई हायचा गोव्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. तेल उद्योगातील सुरक्षितता आणि पर्यावरण यांचे शिक्षण देणारी महामंडळाची संस्था आपल्या बेतूल येथे आहे. समुद्रात अपघात झाल्यास जीव कसा वाचवावा, याचे शिक्षण देणारे केंद्रही तेथेच फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाले. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलला उभी आहे. समुद्रतळाचा अभ्यास करणारी माणसे आमच्याच शेजारी राहतात. गोव्यापासून दक्षिणेकडे पसरलेल्या कोकण-केरळ खोऱ्याच्या समुद्रात व्यापारी प्रमाणावर तेल अद्याप मिळालेले नाही. परंतु तेथे शोध चालू राहणार आहे आणि उद्या काही सापडलेच, तर मुंबई हायचा धडा सर्वांत आधी आम्हालाच गिरवावा लागेल.

दुसरा संबंध अधिक जिव्हाळ्याचा आहे. जमिनीतील धन बाजाराच्या लहरीप्रमाणे उपसले की काय होते, हे गोव्याइतके कोणी भोगलेले नाही. चीनकडून मागणी आली, भाव चढले आणि २०१०-११ मध्ये येथून वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात लोहखनिज बाहेर गेले. साठा किती, तो किती वर्षे पुरेल, पाणी कुठे मुरेल, शेते कुठे बुजतील, याचा हिशेब नंतर करू, असे म्हटले गेले. तो हिशेब अखेर सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१४ च्या निकालात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आणि भावी पिढ्यांसाठी कायम निधी यांची योजना आली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द झाले. या प्रत्येक टप्प्यावर ट्रकवाला, बार्जवाला, खाणीवरचा मजूर आणि त्यांची घरे भरडून निघाली. उत्खनन मुळीच करू नये, असा याचा अर्थ नाही. जे धन एकदाच मिळते ते मोजून, समजून आणि पुढच्यांचा वाटा राखून काढावे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मुंबई हायच्या जुन्या खडकात अजून देशाच्या उपयोगी पडेल असे पुष्कळ आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. नव्या अभ्यासाचे आम्ही स्वागतच करतो; तो याआधीच आणि सातत्याने व्हायला हवा होता, एवढीच आमची तक्रार आहे. बीपीच्या तज्ज्ञांना आणि महामंडळाच्या भूवैज्ञानिकांना त्यांचे काम निवांतपणे करू द्यावे. त्यांचे उत्तर साठ टक्के येवो, वीस टक्के येवो किंवा आहे तेवढेच जपा असे येवो, ते स्वीकारण्याची तयारी दिल्लीने आतापासूनच ठेवावी. ऐंशीच्या दशकात आपण आकडा आधी ठरविला आणि खडकाने तो मानावा अशी अपेक्षा केली. खडकाने तो मानला नाही. मंत्रालयाची परिपत्रके दीड हजार मीटर खोल पोहोचत नाहीत, हे त्या वेळी महागात शिकलेले सत्य या वेळी तरी विसरले जाऊ नये.